शास्त्र जेथें मौन धरतें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंकालीन सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें मला "ख्रिस्ती माणसाचें स्वातंत्र्य" हा विषय नेमून दिला, तेव्हां आनंद झाला आणि थोडी भीतिहि वाटली. आनंद यासाठीं कीं, ज्या देवळांत पन्नास वर्षें आपले स्नानसंस्कार, आपलीं लग्नें व आपले अंत्यविधि झाले, त्याच्या अंगणांत बसून बोलण्याजोगा हा विषय आहे. भीति यासाठीं कीं, या विषयावर बोलावयाचें म्हणजे स्वतःच्या चुका सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. निदान मला तरी नाहीं.

देवाच्या दहा आज्ञा आपणां सर्वांस पाठ आहेत. चोरी करूं नये, खोटी साक्ष देऊं नये, हें विचारावयास कोणी धर्मगुरूच्या दारीं येत नाहीं. जो येतो त्याला उत्तर ठाऊकच असतें व तो पळवाट शोधीत असतो. परंतु माझ्या दारीं आजवर जे प्रश्न आले, त्यांतील बहुतेक निराळ्या जातीचे होते. शेजाऱ्यानें सत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला, तो खावा कीं नाहीं? लग्नांत हळद लावावी कीं नाहीं? वडिलार्जित वाडी बिल्डरला द्यावी कीं राखावी? वडील इस्पितळांत यंत्राच्या बळावर श्वास घेत आहेत, तें यंत्र काढूं द्यावें कीं नाहीं? पवित्र शास्त्राचीं पानें कितीहि चाळलीं तरी हळद, वाडी आणि यंत्र यांविषयींची आज्ञा तेथें सांपडत नाहीं.

अशा वेळीं कोणी म्हणतो, शास्त्रांत मनाई नाहीं, तेव्हां सर्व मोकळें आहे. कोणी म्हणतो, शास्त्रांत परवानगी नाहीं, तेव्हां सर्व निषिद्ध आहे. हे दोघे एकमेकांचे वैरी दिसतात. पण विचार करण्याचे श्रम दोघांनींहि टाळलेले असतात. आणि आपल्या लोकांत सर्वांत अधिक चालणारी वाट तिसरीच आहे: "फादरांना विचारा, ते सांगतील तसें करूं."

या तिसऱ्या वाटेवरून मला संत इग्नासी लोयोला यांची एक गोष्ट आठवते. ती त्यांनीं स्वतःच उतारवयांत सांगून लिहवून घेतली आहे, म्हणून ती सांगण्यांत त्यांचा अनादर होत नाहीं. इ. स. 1522 मध्यें नुकतेच मनानें पालटलेले इग्नासी खेंचरावर बसून मॉन्सेरातच्या देवस्थानाकडे चालले होते. वाटेंत एक मूर गृहस्थ भेटला. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयीं दोघांचें बोलणें झालें; ख्रिस्तजन्मानंतरहि तें अखंड राहिलें, हें त्या गृहस्थास पटेना, व तो पुढें निघून गेला. मागून इग्नासींचें मन पेटलें. आपल्या स्वामिनीचा मान राखला नाहीं, आतां त्याला गांठून खंजीर चालवावा कीं जाऊं द्यावें? विचार करून करून ते थकले, तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, वाट फुटेल तेथें लगाम सैल सोडावा. खेंचर त्या माणसाच्या गांवाकडे वळलें तर त्याला मारावयाचें, हमरस्त्यानें गेलें तर सोडून द्यावयाचें. गांवाकडची वाट रुंद होती, चांगली होती, गांवहि जवळच होता. तरी खेंचर हमरस्त्यानें गेलें. एका मनुष्याचा जीव वांचला व एक संत खुनी होतां होतां राहिला. खेंचराचे उपकार मोठे आहेत. पण देवाची इच्छा ओळखण्याची ही रीत नव्हे, हें इग्नासींना पुढें मान्रेसा येथील महिन्यांत कळलें. कोणत्या विचारामागून मनाला टिकाऊ शांति येते व कोणता विचार आधीं गोड लागून मागें कोरडेपणा ठेवतो, हें पारखण्यास ते हळूहळू शिकले.

आतां हंसूं नका; पण माझ्या धर्मगुरुपणाच्या वर्षांत मी कितीदां तरी तें खेंचर झालों आहें. लोकांनीं लगाम सैल सोडला आणि मी जिकडे वळलों तिकडे ते गेले. प्रत्येक वेळीं मी हमरस्त्यानेंच गेलों असें मला म्हणवत नाहीं.

नगर जिल्ह्यांतील एका धर्मग्रामांत मी सहायक म्हणून नवीनच आलों होतों. दीक्षा होऊन वर्षहि झालें नव्हतें. श्रावणांतील एका रविवारीं मिस्सानंतर एक वृद्ध शेतकरी मजजवळ आले. त्यांच्या शेजारचें घर हिंदूंचें. दोन्ही घरीं एकेक बैल. सावड करून नांगरणी व्हावयाची, आणि ही सावड त्यांच्या बापजाद्यांपासून चालत आलेली. शेजाऱ्याकडे सत्यनारायण झाला होता व नेहमींप्रमाणें शिऱ्याचा द्रोण आला होता. "आजवर घेत आलों, फादर, पण पोरगा म्हणतो, चालत नाहीं. काय करूं?" मला पुढच्या वस्तीवर दुसरी मिस्सा होती, मी मोटारसायकलला किक मारीत होतों. मीं म्हटलें, "बाबा, मूर्तीपुढें ठेवलेलें अन्न आपण खात नाहीं. परत पाठवा." ते "बरं, फादर" म्हणाले.

त्यांनीं तो द्रोण फेकून दिला नाहीं. अन्न फेकणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. वर स्वच्छ फडकें झांकून नातवाच्या हातीं तो परत पाठविला. शेजारणीनें तो घेतला, कांहीं बोलली नाहीं. त्या वर्षीं रब्बीच्या पेरणीला शेजाऱ्याचा बैल आला नाहीं. त्याची सावड दुसऱ्या कोणाशीं झाली होती. भांडण नाहीं, शिवीगाळ नाहीं. नुसता बैल आला नाहीं.

पुढच्या उन्हाळ्यांत बाबांची पत्नी वारली. दफनाच्या वेळीं तो शेजारी टोपी हातांत घेऊन कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता. त्या घरच्या प्रत्येक प्रेताला आजवर त्यानें खांदा दिला होता. मी फाटकाशीं पोंचलों तेव्हां त्यानें मला विचारलें, "आमी आत आलो तर चालंल का, फादर?" मी "या" म्हणालों. तो आला, दोन मुठी माती लोटली आणि निघून गेला. पण तो प्रश्न आजहि माझ्या कानांत आहे. तो विचारण्याची पाळी त्याच्यावर कोणीं आणली, हें त्याला ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे. मला ठाऊक होतें.

त्या रात्रीं मीं संत पौलाचें करिंथकरांस लिहिलेलें पहिलें पत्र काढलें. सेमिनरींत त्यावर परीक्षा दिली होती. पण परीक्षेसाठीं वाचणें निराळें आणि अपराधी मनानें वाचणें निराळें.

करिंथ हें दोन बंदरांचें शहर. रोमी लोकांनीं इ. स. पूर्वी 146 मध्यें तें उद्ध्वस्त केलें व जूलियस सीझरनें इ. स. पूर्वी 44 मध्यें पुन्हा वसविलें. पौल तेथें दीड वर्ष राहिला, अक्विला व प्रिस्किला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरीत असे. त्या शहराच्या उत्खननांत मांसबाजाराचा उल्लेख असलेल्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत, आणि अस्क्लेपियस या दैवताच्या मंदिराला लागून भोजनाच्या खोल्या सांपडल्या आहेत; भिंतींच्या कडेनें पहुडून जेवण्याचीं आसनें आहेत. म्हणजे मंदिर, मेजवानी आणि खाटकाचें दुकान हीं एकाच धाग्यांत ओंवलेलीं होतीं. बळीच्या पशूचा कांहीं भाग वेदीवर जाई, कांहीं पुरोहितास मिळे, उरलेलें पंगतींत वाढलें जाई किंवा बाजारांत विकलें जाई. श्रीमंताच्या ताटांत मांस एरव्हींहि असे. गरिबाला मात्र तें बहुधा उत्सवाच्या दिवशींच मिळे, म्हणून मांसाचा वास आणि दैवताची आठवण हीं त्याच्या मनांत एकच असत. आतां हे दोघेहि ख्रिस्ती झाले आणि एका मेजाशीं बसले. खावें कीं नाहीं?

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेंत प्रेषितांची सभा भरून, मूर्तीस वाहिलेल्या पदार्थांपासून दूर राहावें असें अंत्युखियाकडील बांधवांस लिहून कळविण्यांत आलें होतें. पौल त्या सभेस हजर होता. पांचसहा वर्षांनीं करिंथच्या लोकांनीं विचारलें तेव्हां त्यानें तें वाक्य उतरवून काढलें असतें तर प्रश्न मिटला असता. त्यानें तसें केलें नाहीं. तीन अध्याय लिहिले. इतका खोळंबा कशासाठीं? मोटारसायकलवरून उत्तर देणाऱ्या माणसास हा खोळंबाच वाटणार.

त्या रात्रीं मला जें वाचावयाचें होतें तेवढेंच मीं वाचलें. बाजारांत विकतात तें चौकशी न करितां खा. इतरधर्मीय मनुष्यानें जेवावयास बोलाविलें व जावेंसें वाटलें, तर वाढलेलें निःशंक खा, असें पौल सांगतो. जगांत मूर्ति म्हणजे कांहीं नाहीं, हेंहि तो मान्य करितो. मला वाटलें, झालें! आपण चुकलों होतों, आतां उमगलें.

बारातेरा वर्षें गेलीं. दुसऱ्या एका धर्मग्रामांत गणेशोत्सवाच्या आधल्या रविवारीं मीं मोठ्या उत्साहानें प्रवचन केलें. शेजाऱ्याचें प्रेम नाकारूं नका, प्रसादाला भिऊं नका, तें साधें अन्न आहे, असें सांगितलें. प्रवचन लोकांना आवडलें. कित्येकांनीं बाहेर येऊन तसें सांगितलें, आणि मलाहि तें आवडलें होतें.

मागच्या बांकावर एक बाई बसत असे. ख्रिस्ती होण्यापूर्वीं तिच्या अंगांत येत असे. वयाच्या कोंवळेपणापासून घरच्यांनीं तिला त्या कामीं बसविलें होतें. लोक येत, विचारीत, नारळ व पैसा ठेवीत, आणि त्यावर घर चाले. ज्या दिवशीं अंगांत येत नसे त्या दिवशीं काय होई, तें मी येथें सांगत नाहीं. या फेऱ्यांतून ती सुटली ती केवढ्या कष्टानें, हें तिला व देवाला ठाऊक. माझ्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयीं मी हें बोलत नाहीं. त्यांच्यापैकीं कितीतरी सज्जनांनीं असल्या प्रकारांना विरोध केला आहे. मी एका बाईविषयीं बोलत आहें.

तिच्या माहेरच्यांनीं त्या आठवड्यांत प्रसाद आणला. ती नको म्हणाली, तेव्हां ते म्हणाले, "तुमचे फादरच म्हणाले ना, खा म्हणून?" तिनें खाल्ला. त्यानंतर सहा महिने ती देवळांत आली नाहीं. शेवटीं मी तिच्या घरीं गेलों. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "फादर, तुम्हांला तो नुसता शिरा होता. मला ती हांक होती."

मग मीं तेच तीन अध्याय पुन्हा वाचले, या खेपेस पहिल्या ओळीपासून. ज्ञान माणसाला फुगवितें व प्रीति उभारणी करिते, असें पौल आरंभींच सांगतो. मी तेथून घाईनें पुढें गेलों होतों. ज्याचें मन अजून जुन्या संवयींत अडकलें आहे, त्यानें तुझें पाहून खाल्लें व त्याचें मन विटाळलें, तर ज्याच्यासाठीं ख्रिस्त मेला त्या बांधवाचा तूं नाश केलास, असें तो बजावितो. माझ्या खाण्यानें बांधव पडणार असेल तर मी जन्मांत मांस खाणार नाहीं, असें तो स्वतःविषयीं म्हणतो. पंगतींत कोणी सांगितलें कीं हें देवतेला वाहिलेलें आहे, तर खाऊं नये. तुझ्या मनासाठीं नव्हे, सांगणाऱ्याच्या मनासाठीं. आणि एक दार तो साफ बंद करितो: प्रभूच्या मेजाशीं बसणाऱ्यानें परक्या पूजेंत भागीदार होऊं नये. पूजेंत बसणें ही एक गोष्ट व शेजाऱ्यानें घरीं आणलेला द्रोण ही दुसरी. यांतील अंतर ओळखणें हेंच तर काम आहे, आणि तें अंतर प्रत्येक उंबरठ्यावर सारखें नसतें.

अशा माणसाला पौल "दुर्बळ" म्हणतो. त्या बाईला दुर्बळ म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. जें तिनें सोसलें त्याचा दहावा हिस्साहि मीं सोसलेला नाहीं. पण पौलाचा मुद्दा तिला तंतोतंत लागू पडतो. मनाची खात्री नसतांना जो खातो तो दोषी ठरतो, असें तो रोमकरांस लिहितो. संत थॉमस अक्वायनस यांनींहि शिकविलें आहे कीं, सदसद्विवेकबुद्धि चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणें हें पापच. म्हणजे जें माझ्यासाठीं निर्दोष होतें, तें मीं तिच्या हातून तिच्या मनाविरुद्ध करविलें. पापनिवेदनांत मीं तें माझ्या नांवावर मांडलें.

या ठिकाणीं कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेनें एकदां यादी करून टाकावी, म्हणजे कोणाची फसगत होणार नाहीं. याद्या झालेल्या आहेत, बंधूंनो. मदुराईस 1606 मध्यें आलेले येशूसंघीय रॉबर्ट दि नोबिली यांनीं तेथील ख्रिस्ती ब्राह्मणांस जानवें, शेंडी व गंध ठेवूं दिलें. त्यावर मोठा वाद माजला. अखेर 1623 मध्यें पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं, त्यांतील भ्रामक समजुती काढून टाकण्याच्या अटीवर, तीं चिन्हें ठेवण्यास मोकळीक दिली. उलट, गोव्याच्या इन्क्विझिशननें 1736 मध्यें एक लांबलचक फर्मान काढलें. लग्नांतील हळद बंद, लग्नगीतें बंद, दारची तुळस बंद. इतकेंच नव्हे तर, हिंदूंप्रमाणें बिनमिठाचा भात शिजवून मागून मीठ घालून घेणेंहि बंद! भिणाऱ्या माणसाची यादी कोठवर जाते पाहा. ती थेट भाताच्या मडक्यांत उतरते. फर्मान काढणारेहि ख्रिस्ती होते व त्यांनाहि आपण धर्म राखतों असेंच वाटत होतें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेविषयींचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकांच्या ज्या चालीरीति भ्रामक समजुतींशीं अविभाज्यपणें जखडलेल्या नाहींत त्यांचा सहानुभूतीनें विचार करावा, आणि शक्य तर त्या जपाव्या, असें त्यांत म्हटलें आहे. आज आपल्या मांडवांत हळद लागते, आणि ती लावतांना कोणाचा विश्वास डळमळलेला मीं पाहिला नाहीं. मांडवांतील दारू आणि कर्ज यांनीं डळमळलेले संसार मात्र पाहिले आहेत. पण त्यांबद्दल मला विचारावयास कोणी येत नाहीं.

आतां माझ्याकडे कोणी असा प्रश्न घेऊन आला, तर मी त्याला बसवितों. आधीं मीच विचारतों: द्रोण कोणीं दिला? कशासाठीं दिला? घेतांना तुमच्या मनांत काय येतें? तुमच्या घरांत तो पाहून कोणाला काय वाटेल? कोणाला हें आवडत नाहीं. एका गृहस्थांनीं मला स्पष्टच सांगितलें, "फादर, हो कीं नाहीं एवढें सांगा, मला बस गांठायची आहे." त्यांचा मला राग आला नाहीं, मोटारसायकल आठवली.

मागील पावसाळ्यांत एका मुलानें रात्रीं इस्पितळांतून बोलावून घेतलें. वडील यंत्रावर होते, डॉक्टरांनीं आशा सोडली होती. पोप बारावे पायस यांनीं 24 नोव्हेंबर 1957 रोजीं डॉक्टरांपुढें बोलतांना सांगितलें होतें कीं, जीव राखण्यासाठीं सर्वसाधारण उपाय करणें कर्तव्य आहे, पण असाधारण ओझें होणारे उपाय केलेच पाहिजेत असें बंधन नाहीं. मारून टाकणें तर कधींच नाहीं. हें मीं त्यांस सांगितलें. परंतु या रोग्याला, या घराला, आज रात्रीं कोणतें ओझें असाधारण आहे, हें ना रोमहून सांगतां येतें, ना माझ्या खुर्चीवरून. मी त्यांच्याबरोबर बांकावर बसलों. वडील शुद्धीवर असतांना काय म्हणाले होते, तें तीं भावंडें एकमेकांस आठवून सांगूं लागलीं. आम्हीं रोझरी म्हटली. पहांटे त्यांनीं ठरविलें. काय ठरविलें तें मी येथें सांगत नाहीं. तें त्यांचें आहे.

त्या शेतकरी बाबांचें पुढें काय झालें, असें तुमच्या मनांत असेल. मी त्या गांवीं पुन्हा गेलों तोंवर ते वारले होते. चूक माझी होती, हें त्यांना सांगावयाचें राहून गेलें. द्रोण घेऊन गेलेला नातू आतां संसारी झाला आहे. बैल दोन्ही घरीं उरले नाहींत, ट्रॅक्टर भाड्यानें येतो, त्यामुळें सावडीचाहि प्रश्न राहिला नाहीं. त्यानें मला सांगितलें कीं, लग्न झाल्यावर पहिल्या नाताळांत तो करंज्यांचें ताट घेऊन शेजारीं गेला. कितीतरी वर्षांनीं त्या दारांत ताट जात होतें. शेजारीण म्हातारी झाली होती, ती दारांत आली. तिनें ताटाकडे पाहिलें, त्याच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "बाळा, तुमच्या देवापुढं ठेवलंय का हे?"

"मग तूं काय म्हणालास?" मीं विचारलें.

"म्हणालों, नाहीं आजी, आईनं चुलीवरून उतरवून थेट दिलंय. आणि तुम्हांला नको वाटत असलं तरी मी रागावणार नाहीं."

"मग?"

"ती विचार करीत होती, फादर. मी ताट हातांत धरून उभा राहिलों."